लाटसाहेबाची पाती

नोकरीची सगळी वर्षं मी रुमाल सोडले आणि रुमाल बांधले. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा हे ऐकून सुनेच्या एका म्हाताऱ्या मामांना वाटलं की व्याही कापडाच्या दुकानात होते. त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. सरकारी दप्तरखान्यात जुने कागद ज्या मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळून, वरून दोरी आवळून ठेवतात, त्याला रुमाल म्हणतात. महाडच्या एका कचेरीत असे रुमाल छतापर्यंत फळ्यांवर चढवलेले होते आणि त्यांचा राखणदार मी होतो. हुद्दा अभिलेखपाल. लोक म्हणायचे रेकॉर्डवाले साळवी.

राखणदारी कोणीही करील. मला लोक शोधत यायचे ते मोडीसाठी. मोडी म्हणजे हात न उचलता लिहायची जुनी लिपी. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग रेघेला अक्षरं लटकवत सुटायचं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, वाक्य कुठे संपलं त्याची खूण नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, वाचणाऱ्याचा जीव जातो. आमच्याकडचे जमिनीचे, गावकीचे, तंट्याबखेड्याचे जुने कागद सगळे या लिपीत आणि ती वाचणारे तालुक्यात दोघे-तिघे. तेव्हा माणूस कितीही मोठा असला तरी कागद उघडला की माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

मोडी मला अण्णांनी शिकवली. अण्णा म्हणजे आमच्याच कचेरीतून निवृत्त झालेले जुने कारकून. मी तेव्हा नुकता शिपाई म्हणून लागलो होतो. बौद्धवाडीतला माणूस मोडी शिकतो म्हणतोय याचं कचेरीत काहींना हसू आलं होतं, अण्णांना आलं नाही. ते स्वतः पानतंबाखूची चंची उघडून बसायचे आणि मला एकेक ओळ दहादा वाचायला लावायचे. त्यांचं एक सांगणं होतं. “साळवी, शंका आली तर ‘संदिग्ध’ असं लिहायचं. कागदाशी तू खोटं बोललास तरी कागद ओरडत नाही, म्हणूनच बोलायचं नाही.”

शिकत असताना पहिला आख्खा कागद मी स्वतःच्या जोरावर वाचला, तो होता वेठीच्या माणसांची यादी. साहेबाचा बोजा घाटावर पोचवायला कोणकोणत्या गावची कोणकोणती माणसं हजर करायची, त्याची. त्यात आमचं गाव होतं. आमच्या वाडीतली नावं होती. त्यातलं एक माझ्या खापरपणजोबाचं. ज्या अक्षरांनी त्याला डोक्यावर ओझं घ्यायला बोलावलं, ती अक्षरं त्याला कधी वाचता आली नव्हती. मी ती मोठ्यानं वाचली. अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकाहून एक. एक गृहस्थ मुंबईहून आले, वीर स्टेशनला गाडीतून उतरून थेट रिक्षानं कचेरीत. त्यांचं म्हणणं, त्यांचे पूर्वज घोड्यावरचे सरदार होते, फक्त कागद काढून द्यायचा. चार दिवस रुमाल सोडल्यावर पूर्वज सापडले, पण शेजाऱ्याच्या झाडावरचे फणस उतरवले म्हणून चावडीवर उभं केल्याच्या कागदात. गृहस्थ म्हणाले, हा दुसरा कोणीतरी असेल. म्हटलं, असेल की, फक्त बापाचं नाव, आज्याचं नाव आणि गाव तुमचंच आहे. ते नक्कल न घेता गेले. सव गावचा एक म्हाताराही नक्कल न घेताच गेला, पण त्याचं निराळं. त्याच्या पणजीचं नाव एका कागदात होतं. त्यानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, तिन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं, आणि “बरां झाला” एवढं म्हणून काठी टेकत निघून गेला. असे लोक आले की वाटायचं, हा पगार आपल्याला फुकट मिळतोय.

पण मला लिहायचं आहे ते अनसूयाबाईंबद्दल, आणि त्यात माझी शोभा व्हायची आहे हे आधीच सांगतो.

अनसूयाबाई आल्या त्या मी निवृत्त झाल्यावर, माझ्या घरी. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या. वाडीचं नाव देत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. साठी उलटलेली बाई, काटक, पदर कमरेला खोचलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. मी बसा म्हटलं, पाणी आणायला सांगितलं.

“पानी मंग घेन,” त्या म्हणाल्या. “आदी ही सही बगा. तुमचीच ना?”

पिशवीतून त्यांनी कागद काढला. एका जुन्या मोडी कागदाची मी देवनागरीत करून दिलेली नक्कल. खाली माझी सही, कचेरीचा शिक्का. पंधराएक वर्षांपूर्वीची.

“माझीच,” म्हटलं.

“तुमी खाली काय लिवलाव ता वाचा.”

मी वाचलं. ‘जबानीखाली सही अगर निशाणी नाही. शाईचा गोल डाग आहे.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाडीच्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे कोवळी फळं, बायका वेचतात, उन्हात वाळवतात, विकतात. औषधवाले नेतात. वाडीतल्या बायकांच्या हातात वर्षाचा जो काही स्वतःचा पैसा येतो तो तेवढाच. या जंगलावर वाडीचा हक्क लागावा म्हणून त्यांनी वनहक्काचा दावा लावला होता. आदिवासी नसलेल्यांना त्यासाठी तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. म्हाताऱ्यांच्या तोंडी सांगण्यावर दावा तपासणाऱ्या समितीचं समाधान झालं नाही. जुना कागद एकच, आणि त्याच्याखाली माझा शेरा. बिनसहीची जबानी धरता येत नाही म्हणून दावा फेटाळला. वर दाद मागितल्यावर तो परत प्रांताधिकाऱ्यांकडे आला होता, फेरसुनावणीला.

“आता शेवटची सुनावनी,” अनसूयाबाई म्हणाल्या. “हितं नाय झाला तर संपला. मंग आमच्याच झाडाखाली आमी चोर. तुमी येकदा असल कागद परत बगा. खरंच डाग हाय का, ता सांगा. डाग असला तर डाग सांगा, आमी गप बसू.”

मी हो म्हटलं. तो डाग मला चांगला आठवत होता. एवढ्या हजारो कागदांतला एक डाग माणसाला उगीच आठवत नाही.

निवृत्त माणसाला दप्तरखान्यात अर्ज करूनच जावं लागतं. मी केला. आताच्या अभिलेखपाल बाई भल्या आहेत, त्यांनी मला टेबल दिलं, पंखा लावून दिला. महाडला पुराचं पाणी कुठवर चढतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. खालच्या फळ्यांवरचे कितीतरी रुमाल लगदा होऊन गेले. हा वरच्या फळीवर होता. दोरी सोडली, फडकं उलगडलं आणि कागद समोर घेतला. कडेला कसर लागून दातेरी झालेला, मधला मजकूर मात्र काळाभोर. शाई अशी की आज सकाळी लिहिलंय. मागच्या वेळी मी तो घाईनं वाचला होता. या वेळी सावकाश वाचला, आणि खरं सांगतो, मध्येच उठून मला व्हरांड्यात फेऱ्या माराव्या लागल्या.

आता त्यात काय होतं ते सांगायचं तर थोडं मागचं सांगायला हवं. वेळ कंपनी सरकारची. उन्हाळा आला की मुंबईचा गव्हर्नर, लोकांच्या भाषेत लाटसाहेब, महाबळेश्वरला हवा खायला जायचा. बोटीनं सावित्रीच्या खाडीतून वर यायचा आणि मग पालखीनं पोलादपूरवरून घाट चढायचा. पालखीला खांदा आणि सामानाला डोकं आमच्या भागातल्या लोकांचं. एका वर्षी गव्हर्नरचा हुकूम सुटला की या डोंगरातला सगळा हिरडा मुंबईच्या एका गोऱ्या व्यापारी पेढीनंच घ्यायचा. हिरडा तेव्हा कातडी कमवायला विलायतेला जायचा. वाडीनं वेचायचा आणि पेढीच्याच काट्यावर आणून घालायचा, दुसऱ्या कोणाला दिला तर जंगलात पाय ठेवायचा नाही. वाडीनं अर्ज केला. मामलेदाराचा कारकून चौकशीला आला. त्यानं घेतलेली ही जबानी. साल लिहीत नाही, कारण साल सांगितलं की गव्हर्नरचं नाव निघेल, आणि एका जबानीवरून मेलेल्या माणसाला दोषी ठरवायचा अधिकार मला नाही. कागदात काय आहे तेवढं सांगतो.

जबानी देणारी बाई होती. नाव भागी. नवरा पालखीच्या खांद्याला, ती स्वतः डोक्यावर सामान वाहणारी. कारकुनानं पहिलाच प्रश्न विचारलाय: तुझी तक्रार पेढीवर आहे की सरकारावर?

भागीचं उत्तर असं: ‘पेढी आणि सरकार निराळे असतील तर तसे सांगावे, मग कोणावर ते सांगते.’

मी ते तीनदा वाचलं. वाडीवरची बाई, डोक्यावर ओझी वाहणारी, अक्षरओळख नाही, समोर सरकारी कारकून, मागे कंपनीची फौज, आणि ती हे बोलते. पुढे तिनं एकेक गोष्ट सांगितलीय. बोटीतून हिरड्याची पोती आणि लाटसाहेबाच्या पेट्या एकत्रच चढतात-उतरतात, त्या ती दरसाल वाहते. लाटसाहेबाच्या पेट्यांच्या किल्ल्या पेढीच्या माणसाच्या कमरेला असतात. पोलादपूरच्या तळावर पेढीचा माणूस तंबूत साहेबाच्या शेजारी खुर्चीवर बसतो आणि मामलेदार तंबूच्या बाहेर उन्हात उभा असतो. काट्यावर कोणी कुरकूर केली तर तोच माणूस सांगतो की या धंद्यात लाटसाहेबाची पाती आहे, गप माल घाला. पाती म्हणजे धंद्यातला हिस्सा. आणि मग भागी म्हणते: ‘हुकूम देणार तोच, माल घेणार तोच. दाद मागावी ती कोणाजवळ?’

कंपनीच्या चाकरानं स्वतःचा व्यापार करू नये असा नियम त्यांच्याच दप्तरात होता असं म्हणतात. तो भागीला कोणी सांगितला असेल? कोणीच नाही. तिनं किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत ते बघितलं आणि तिला सगळं कळलं. मला तर त्या कारकुनाचंही नवल वाटतं. मामलेदार उन्हात उभा होता हे त्यानं आपल्याच मालकाबद्दल लिहिलं. पुसट लिहिलं असतं, गाळलं असतं, कोण विचारायला येणार होतं? त्यानं एकही अक्षर चुकवलेलं नाही. वाचताना मी त्या दोघांपुढे अगदी लहान झालो. पुढे हुकूम फिरला की नाही, भागीचं काय झालं, ते त्या रुमालात नाही.

जबानीच्या शेवटी तिनं झाडांच्या जागा सांगितल्या आहेत. आमच्या आज्यापासून आम्ही इथे इथे वेचतो म्हणून. धाकटी रांग, पाणदऱ्याची रांग, बाळंतिणीचा हिरडा. आणि त्याच्याखाली तो गोल.

जुन्या कागदांत लिहिता न येणारी माणसं सहीऐवजी निशाणी करायची. ती वाटेल ती नसायची. कुणबी नांगर काढायचा, आणि बायका बांगडी. कारकून शेजारी लिहायचा, ‘निशाणी बांगडी’. या कागदाची नेमकी ती कड कसरीनं खाल्लेली, त्यामुळे शब्द गेले होते आणि गोल उरला होता. पण असं असलं की काय करायचं ते अण्णांनी शिकवलं होतं. एका कागदावर निकाल द्यायचा नाही, रुमालातले शेजारचे कागद बघायचे. मी बघितले. त्याच चौकशीतल्या आणखी दोन बायकांच्या जबान्या होत्या, त्याच कारकुनाच्या हातच्या, खाली तसेच गोल, त्याच मापाचे, आणि शेजारी ठसठशीत ‘निशाणी बांगडी’. शंकेला जागाच नव्हती.

आता ते सांगायलाच हवं. मागच्या वेळीही नव्हती. त्या वेळी मी शेजारचे कागद उघडलेच नाहीत. उघडायची गरजही नव्हती, जबानी बाईची आहे आणि बायका बांगडी काढतात हे मला पाठ होतं. शंका आलीच असती तर ‘संदिग्ध’ लिहायचं होतं. मी तेही लिहिलं नाही. मी ‘डाग’ लिहिलं.

कारण दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या वर्षांत त्या डोंगरातला हिरडा उचलायचा परवाना दाजींकडे होता. वाडीचा दावा लागला असता तर तो त्यांच्या हातून गेला असता. आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या घराचा स्लॅब घातला होता, त्याला लागणारी रेती आणि माणसं दाजींनी न मागता पाठवली होती. एका दुपारी ते कचेरीत आले, चहा पिताना म्हणाले, “तो वाडीचा कागद आलाय म्हणे तुझ्याकडे. जरा नीट बघून लिही.” नीट बघून लिही, एवढंच. यात कोणी काय चूक काढणार? आम्हा दोघांनाही त्याचा अर्थ कळला होता आणि दोघांनीही तो कळल्याचं दाखवलं नाही.

गव्हर्नरची मोठी पाती, माझी छोटी. बाकी काही फरक मला सापडत नाही.

अनसूयाबाई दप्तरखान्याबाहेर बाकावर बसून होत्या. मी त्यांना आत टेबलाशी बोलावून जबानी पहिल्यापासून वाचून दाखवली. किल्ल्यांचं आलं तेव्हा त्या पुढे सरकल्या. जागांची नावं आली तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

“बालंतिनीचा हिरडा? त्यो हाय. अजून हाय. झाड दुसरा आसंल, पन जागा तीच.” त्या कागदावर वाकल्या. हात लावला नाही. “हिनं सांगितलान सगला? लाटसायबाच्या नावानं?”

“हो.”

“आमाला कुनी सांगितलाच नाय गो बाय,” त्या म्हणाल्या. हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

खाली बांगडीच आहे, डाग नाही, हे मी त्यांना सांगितलं. सुनावणीला येऊन तसं लिहून देतो म्हणालो. दाजींचं मात्र त्या दिवशी बोललो नाही. धीर झाला नाही.

सुनावणीआधी मी दाजींकडे गेलो. ते आता थकलेत, धंदा कधीच सोडलाय. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चूक झाली म्हण. वय झालं, नजर चुकली म्हण. काम भागतंय ना वाडीचं? मग माझं नाव कशाला उकरतोस इतक्या वर्षांनी?” बहीण आत भाकऱ्या थापत होती, तिचा थापायचा आवाज थांबला. मला दाजींचं म्हणणं पटलं. अगदी मनापासून पटलं, कारण त्यात माझीही सुटका होती.

तर प्रांतांपुढे मी तेच सांगितलं. नव्यानं वाचलेला मजकूर दिला, शेजारच्या दोन जबान्यांच्या प्रती जोडल्या, आणि म्हणालो की मागच्या नकलेत माझी नजरचूक झाली. आताच्या परवानेवाल्यांच्या वतीनं हरकत घेणारे एक वकील होते, तरणे, हुशार. ते उठले.

“साळवीसाहेब, आपलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय?”

“दोन्ही डोळ्यांचं.”

“म्हणजे तेव्हा आपले डोळे चांगले होते, तेव्हा आपल्याला डाग दिसला. आता ऑपरेशन झालंय, आता बांगडी दिसते. उद्या आणखी काय दिसेल?”

खोलीत लोक हसले. वकील प्रांतांकडे वळून म्हणाले, दोन्ही नकला याच गृहस्थांच्या, यातली कोणती धरायची? प्रांतांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की दावा गेला. नजरचूक ही अशी सोय आहे की ती माझी अब्रू वाचवते आणि कागदाची घालवते. एकदा चुकणारा डोळा परतही चुकेल, यात वकिलाचं काय चुकलं? अनसूयाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या. डाग असला तर डाग सांगा, आम्ही गप बसू, म्हणालेली बाई ती.

मी परत उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, माझी नजर चुकली नव्हती. मला तेव्हाही बांगडी दिसली होती. त्या जंगलाचा परवाना माझ्या बहिणीच्या यजमानांकडे होता. माझ्या घराच्या स्लॅबला त्यांनी मदत केली होती. त्यांनी मला नीट बघून लिही म्हणून सांगितलं आणि मी डाग लिहिलं.”

प्रांतांनी मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही.

“हे लिहून घेऊ?” त्यांनी विचारलं.

“घ्या.”

“तुमच्या हातच्या बाकीच्या नकलांवरही लोक शंका घेतील. चौकशी लागू शकते. पेन्शनचं प्रकरण होऊ शकतं.”

“घेऊ देत शंका. घ्यायलाच पाहिजे,” म्हटलं. कारकुनानं सगळं टाइप केलं, मी वाचून पाहिलं आणि सही केली. वकील खाली बसले. खोटं बोलण्याचं कारण एकदा कळलं की खरं आपल्या पायांवर उभं राहतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार उशिरा कळलं.

चौकशी लागली आहे, चालू आहे. माझ्याकडच्या नकला लोक परत घेऊन येतात आणि मी त्या त्यांच्यासमोर अस्सलाशी ताडून देतो. आजवर दुसरी खोट निघालेली नाही, पण यात फुशारकी मारण्यासारखं काही उरलेलं नाही. बहीण फोन उचलत नाही. दाजी रस्त्यात भेटले तर दुसरीकडे बघतात. मला वाईट वाटतं, रोज वाटतं, आणि तरी त्यांच्याकडे जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नाही.

वाडीचा दावा मंजूर झाला. सांगायला अनसूयाबाई स्वतः आल्या, पिशवीत वाळवलेला हिरडा घेऊन, खोकल्यावर चांगला म्हणून. या वेळी त्यांनी आधी पाणी घेतलं, मग चहाही घेतला. वाडीतल्या बायकांनी भागीची जबानी मोठ्यानं वाचून घेतली, दोनदा, असं म्हणाल्या. उठता उठता थांबल्या.

“साळवीभाऊ, येक इचारू? राग नाय ना धरनार?”

“विचारा.”

“त्या भागीला लाटसायबाचा भ्या नाय वाटला. आन तुमाला दाजीचा वाटला?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, एवढा शिकलेला माणूस असं कसं करतो ते. मी बरीच उत्तरं मनात जुळवली. नात्यांची गुंतागुंत, उपकार, मिंधेपण, माणसाचा स्वभाव.

“हो,” म्हटलं. “दाजींचीच भीती.”

त्यांनी मान हलवली.

“मंग तेवढा लिवा कुठंतरी,” त्या म्हणाल्या, आणि पोलादपूरची एसटी चुकेल म्हणून निघाल्या.

लिहिलं.